शेऱ्याचा रकाना

१२ मे. सकाळी १०.४०. पारा ४४.

“हा माणूस घरी बसून लिहितो,” लोटन स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाला.

“कोण माणूस?” पुखराजशेठ ताकाचे दोन पेले सांभाळत जिना चढून आले होते. खाली त्यांचं धान्याचं दुकान आणि वर ही खोली. खोलीत तीन कॉम्प्युटर, एक कूलर आणि समोरच्या खुर्चीत सहासष्ट वर्षांचा लोटन पुना पाटील, मुक्काम नशिराबाद.

“हा. समुद्रावरचा.”

“नाव काय त्याचं?”

“नाव कुठलं? नुसती सही. कोंबडीनं पाय पुसल्यासारखी.”

शेठ वाकले. पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो, त्यावर कुण्या परदेशी हाताने लिहिलेले आकडे. “केलं काय त्यानं?”

“एक्याऐंशी दिवस झाले बघा. रोज सकाळी आठला समुद्रात तापमापी बुडवायची आणि आकडा लिहायचा, एवढंच काम. आणि लिहितो काय? उणे शून्य पूर्णांक तीन. दुसऱ्या दिवशी? उणे शून्य पूर्णांक तीन. तिसऱ्या दिवशी? शेठ, तुमचं हे ताक मी तोंडाला लावीपर्यंत बदलेल. आणि अख्खा समुद्र एक्याऐंशी दिवस जागचा हलत नाही? वर परत उणे! शून्याच्या खाली पाण्याचा बर्फ होतो, हे चौथीतलं पोरगं सांगेल. मग यानं तापमापी बुडवली कशात?”

“मला नका विचारू,” शेठ म्हणाले. “आमच्या सात पिढ्यांनी समुद्र पाहिला नाही. चेलनाला विचारा. तिनं मांडलाय हा समुद्राचा धंदा.”

चेलना म्हणजे शेठची मुलगी. ती मात्र धुळ्याला गेली होती.

लोटनने ते एक्याऐंशी दिवस निवडले आणि लाल केले. लाल म्हणजे संशयित. मग मागच्या वर्षीचा हिवाळा उघडला, तिथेही तेच. त्याच्या मागचा उघडला. दुपारच्या चहापर्यंत अकरा हिवाळे लाल झाले होते. तीस रुपयांची भाजी घेताना तीन दुकानं पालथी घालणाऱ्या माणसाला असा माल एकगठ्ठा सापडावा, याचं सुख वेगळंच असतं.

*शेरा: इसम लबाड आहे.*

त्याच दिवशी, पण मागचं.

चेलनाचा समुद्र बाल्टिक. चारी बाजूंनी जमीन आणि बाहेर पडायला एक चिंचोळी वाट, जणू रांजण. आतलं पाणी बदलायला तीस-तीस वर्षं लागतात. म्हणून तिथे ऊन वाढलं की त्याचा राग आतल्या आत साठतो. पाणी तापतं, शेवाळ माजतं, तळाची हवा संपते, मासे गुदमरतात. लोटनला हे समजावून सांगावं लागलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी सावद्याला एका केळीवाल्याच्या शेततळ्यात मे महिन्यात रोहू उलटे होऊन तरंगलेले त्याने पाहिले होते. कोंडलेल्या पाण्याचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

चेलना गोव्याला शिकली आणि पुढे या बाल्टिकच्याच काठच्या विद्यापीठात लागली. वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालं म्हणून वर्षभर जळगावातून काम करत होती. तिने कॉम्प्युटरात तो समुद्र बांधला होता. पाण्याचे लाखभर चौकोनी तुकडे केले, आणि प्रत्येक तुकड्यात किती ऊब, किती मीठ, किती हवा, किती शेवाळ, ते खाणारे किती, त्यांना खाणारे किती, याचं गणित घातलं. पुढच्या पन्नास वर्षांत काय होईल ते हा समुद्र सांगणार. त्याला ती मॉडेल म्हणायची.

“म्हणजे ज्योतिष,” लोटन पहिल्याच दिवशी म्हणाला होता.

“ज्योतिषीबुवा आधी मागचं सांगतात ना, आबा? मागचं बरोबर निघालं तर आपण पुढचं ऐकतो. तसंच. मागच्या साठ वर्षांत पाणी कसं होतं ते मॉडेलला सांगायला लावायचं आणि जुन्या वह्यांशी ताडून पाहायचं. त्या वह्या तुम्ही टाइप करायच्या.”

चेलनाच्या आजी प्रेमकुंवर एकदा जपमाळ थांबवून विचारत्या झाल्या होत्या, “तू माशांचं काम करतेस म्हणे. मारत नाहीस ना गं?”

“नाही बासा. मरतील का ते मोजते.”

आजींना हे काही पुण्याचं वाटलं नाही, पण पापाचंही वाटलं नाही. माळ पुढे सरकली.

कामाची रीत अशी होती. एकच पान दोघांनी वेगवेगळं टाइप करायचं, एक लोटन आणि एक धुळ्याचा नवल. दोघांचे आकडे जुळले तर खरे. दोघांनी बोलायचं नाही. लोटनने नवलला कधी पाहिलं नव्हतं, पण तो आपलंच पाहून टाइप करतो असा त्याला दाट संशय होता. पानावर शेवटी एक रकाना असायचा, त्यात परक्या भाषेत काहीबाही खरडलेलं. तो शेऱ्याचा. तो टाइप करायचा नाही, अशी सूचना होती.

आणि लोटनच का? तर तो चौतीस वर्षं तापीच्या काठावर पाण्याची मोजपट्टी वाचत होता. पाण्याच्या खात्यात गेज रीडर. सकाळी आठला घाट उतरायचा, नदीत उभी केलेली पट्टी वाचायची, नोंदवहीत पातळी लिहायची, शेरा लिहायचा. घरात भिंतीवर प्रमाणपत्र होतं: ‘चोख व अखंड नोंदींबद्दल’. वहीचा नियम त्याच्या हाडात मुरला होता. चुकलेला आकडा पुसायचा नाही, त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर लाल शाईत बरोबर आकडा, शेजारी सही आणि तारीख.

खोटी नोंद कशी दिसते ते लोटनला ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं, हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

२६ मे. दुपारी १२.१५. पारा ४६.

“आबा,” चेलना म्हणाली, “हिवाळा कुठे गेला?”

“कुठला हिवाळा?”

“अकरा वर्षांचे. सगळे. माझा समुद्र गोठायचं नाव घेत नाहीये. दोन दिवस झाले, मी डोकं धरून बसलेय.”

लोटन याच क्षणाची वाट पाहत होता. त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली आणि पंचनामा सुरू केला. एक्याऐंशी दिवस, एकच आकडा, घरबसल्या कारभार. चेलना ऐकत राहिली. आधी तिला हसू आलं, ते तिने आवरलं. मग तिने मोबाइल काढला, स्क्रीनवरच्या त्या पानाच्या शेवटच्या रकान्यावर धरला आणि जे उमटलं ते मराठीत सांगू लागली.

“ऐका. ‘बर्फ बावन्न सेंटिमीटर. भोक पाडायला अर्धा तास.’ दुसऱ्या दिवशी, ‘बर्फ चौपन्न. दोर गोठला, दातांनी सोडवला.’ पुढे, ‘वादळ. चार हातांवर दिसत नाही. दोरी कमरेला बांधून गेलो.’”

लोटनने खुर्ची पुन्हा स्क्रीनकडे वळवली.

“समुद्र गोठतो तिथे, आबा. वरून. त्यावरून चालत जायचं, भोक पाडायचं आणि खालच्या पाण्यात तापमापी सोडायची. त्या पाण्यात मीठ थोडं, म्हणून शून्याच्या जरासंच खाली गोठतं. उणे शून्य पूर्णांक तीनला. बर्फाखालचं पाणी मग वसंतापर्यंत तिथेच राहतं. हलणार कुठे?”

लोटनने जन्मात पाहिलेला बर्फ म्हणजे भुसाच्या पोत्यात गुंडाळून सायकलवरून येणारी लादी. त्यावर माणूस चालतो, आणि खाली समुद्र असतो! मे महिन्याच्या जळगावात बसून त्याने एका माणसाला खोटारडा ठरवलं होतं, आणि तो माणूस तेव्हा दातांनी दोर सोडवत होता.

“मग तो रकाना टाइप करायचा नाही असं का सांगितलं?” त्याने विचारलं. चूक कबूल करण्याआधी समोरच्याची एखादी सापडते का ते पाहायची जुनी खोड.

“मॉडेलला आकडे लागतात. शेरे नाही लागत.”

लोटनने अकरा हिवाळ्यांचा लाल रंग काढला. संध्याकाळ झाली.

*शेरा: मागील शेरा एका रेघेने खोडला. सही.*

जून. तारखा लावलेल्या नाहीत.

मग त्याला नाद लागला. दिवसाचं काम झालं की तो चेलनाकडून मोबाइल मागून घ्यायचा आणि त्या सहीवाल्याचे शेरे वाचत बसायचा.

*सील प्राण्याने भोकातून डोकं काढलं. पाहिलं. गेला.*

*बूट भिजला.*

*बर्फ रात्रभर कडकडत होता.*

*वारा नाही. काही नाही. तरी आलो.*

हे शेवटचं लोटनने दोनदा वाचलं. चौतीस वर्षांत त्यानेही असंच लिहिलं होतं. पाणी गढूळ. म्हशी उतरल्या. पट्टीला शेवाळ, साफ केली. खात्यात ते कुणी वाचत नसे. लिहायचं ते आपण गेलो होतो म्हणून.

तो माणूस रोज काहीतरी लिहायचा. अकरा वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता.

एका जुलैतले एकोणीस दिवस सोडून. त्या एकोणीस दिवसांचा शेऱ्याचा रकाना कोरा होता.

लोटनची मान ताठ झाली. तो आकड्यांकडे वळला. आधीचे चार दिवस: १६.०, १६.०, १६.५, १६.५. आणि मग:

१६.८ १७.१ १६.९ १७.२ १७.४ १७.१ १७.३ १६.९ १७.२ १७.६ १७.३ १७.७ १७.४ १७.८ १८.१ १७.९ १८.२ १८.४ १८.३

विसाव्या दिवशी एकदम २२.०. शेरा: *वारा वायव्य. नवा दोर लावला.*

या ओळी त्याने आणि नवलने महिन्यापूर्वीच टाइप केल्या होत्या. दोघांचे आकडे जुळले होते, म्हणजे खरे. दिसतही होत्या किती साजिऱ्या! रोज थोडी हालचाल, थोडं वर, थोडं खाली, जिवंत पाण्यासारखी. त्याच्या बोटांना तेव्हा जराही शंका आली नव्हती.

आता आली. आणि ती त्या परक्या माणसापाशी थांबेना. ती मागे वळून लोटनच्याच अंगावर आली.

१९ जून. सकाळी ११.

“जुलैतलेच ना?” चेलनाने विचारलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. “त्यांनीच तर जीव खाल्लाय माझा, आबा. मॉडेल म्हणतं त्या दिवसांत तिथली खाडी तापली, पाणी बावीस-तेवीसला गेलं. वही म्हणते सतरा-अठरा.”

“मग मॉडेल बरोबर असेल.”

“मॉडेल म्हणजे मी मांडलेलं गणित. वही म्हणजे तिथे उभा राहिलेला माणूस. दोघांचं भांडण झालं तर माणसाचं ऐकायचं.” ती खुर्चीत मागे रेलली. “आणि तसं होऊ शकतं. त्या किनाऱ्यावर वारा एका बाजूने लागला की तळातलं थंड पाणी वर येतं. वारा पडला की पुन्हा झटक्यात गरम. माझं गणित तो वारा कमी धरतंय, असं समजून मी ते बदलतेय. शुक्रवारी कायम करायचं आहे. सगळे माझ्यासाठी थांबलेत.”

“बदललं तर काय होतं?”

“पुढच्या पन्नास वर्षांत उन्हाळ्यात थंड पाणी वर येत राहतं. त्या खाडीतले मासे तगतात.”

“आणि नाही बदललं तर?”

“अर्धेही तगत नाहीत. मग आजच मासेमारी कमी करा असं सांगावं लागतं.”

लोटनने घसा साफ केला. “ताई, ते एकोणीस दिवस तो माणूस पाण्यावर गेला नव्हता. ते घरी लिहिलेत.”

चेलनाने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण हिशोब होता.

“आबा, मागे तुम्ही बर्फाला खोटं ठरवलंत. दोन दिवस गेले माझे. आता सांगताय हेही खोटं. कशावरून?”

“शेरे नाहीत.”

“कंटाळला असेल.”

“आकडे फार चांगले आहेत.”

“चांगले आहेत म्हणून खोटे?” ती हसली. “तेव्हा सारखे होते म्हणून खोटे, आता वेगळे आहेत म्हणून खोटे. तुमच्याकडून खरं सुटायचं तरी कसं, आबा? पुरावा आणा. आणलात तर मी ऐकेन, खरंच.”

लोटन चपला घालून जिना उतरला. पुरावा त्याच्याकडे होता. पत्र्याच्या ट्रंकेत, चौतीस वर्षं.

त्याच दिवशी, दुपारी ३. नशिराबाद.

“ती ट्रंक कसाले उघडी?” सुंदरबाईने स्वयंपाकघरातूनच विचारलं. कडीच्या आवाजावरून तिला कुठली ट्रंक ते कळायचं.

“काही नई. एक वही जोयजे.”

ती पदराला हात पुसत बाहेर आली. लोटन जमिनीवर बसला होता. खात्याला पाठवायच्या वहीची एक नक्कल तो घरी ठेवायचा. त्या चौतीस वह्यांतून त्याने एक ओढून काढली होती. वर लिहिलं होतं: १९९१.

सुंदरबाईला अक्षरओळख नव्हती. पण हा पुठ्ठा तिने ओळखला. ती खाली बसली.

“आक्टोबरनी शे का?”

लोटनचा हात थांबला. “तुले कसं माहीत?”

“अव माय! तुमले काय वाटस, माले माहीत नई व्हतं? अकरा दिन तुम्ही मना उशाले बसेल व्हतात, धुळाले. मंग घाटवर कोन गयथं, तुमना बाप?”

लग्नानंतर सात वर्षांनी ते बाळ झालं होतं. दिवस भरायच्या आत. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. नऊ दिवस होतं. बाराव्याला नाव ठेवायचं असतं, तिथवर पोचलं नाही. आणखी दोन दिवस सुंदरबाईचा ताप उतरेना. नंतर दोघं एसटीने निघाली. पारोळा आणि एरंडोलच्या मधे कुठेतरी, शेजारी सुंदरबाई खिडकीला डोकं लावून झोपलेली असताना लोटनने पिशवीतून वही काढली आणि अकरा दिवसांची नदी लिहून टाकली.

त्याने फार काळजीपूर्वक लिहिली. लागोपाठ दोन दिवस एक आकडा येऊ दिला नाही, साहेबाला संशय यायचा. शेवटी शून्य की पाच आलं तर बदललं, फार गोल दिसायचं. थोडं वर, थोडं खाली. शेऱ्यात काय लिहावं ते मात्र सुचेना. तिथे अकरा वेळा लिहिलं: निरंक.

घाटावर पोचला तेव्हा मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत ओला चिखल होता. मधल्या एखाद्या दिवशी वरून धरणाचं पाणी सोडलं होतं. नदी वर येऊन गेली होती आणि त्याच्या वहीत ती दोन बोटांपलीकडे हललीही नव्हती. लोटनने बादली आणली आणि ती पायरी धुऊन काढली. येणारे-जाणारे म्हणाले, काय भक्ती आहे! पुढच्या वर्षी प्रमाणपत्र मिळालं.

खरं वाचणारा माणूस तोच आकडा पुन्हा लिहायला भीत नाही. भितो तो खोटं लिहिणारा. हे लोटनला एसटीत कळलं होतं आणि चौतीस वर्षं त्याने ते ज्ञान जगातल्या प्रत्येक माणसावर वापरलं होतं. दूधवाल्यावर, गॅसवाल्यावर, नवलवर. सगळ्यांचं वजन करून पाहिलं होतं.

“त्या पोरीले दखाडनं पडी,” तो म्हणाला. “नई तं तिनं खरं गणित मोडाई जाई.”

“मंग दखाडा.”

“खातामाबी कळावनं पडी. मंग ते...” त्याने मानेनेच भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं.

“ते गयं तं गयं. भिंतले चौकोनी डाग दिसी, तठे सारिकाना फोटू लाई दिसूत.” सारिका त्यांची मुलगी, नंतर झालेली, नाशिकला दिलेली. सुंदरबाईने वही आपल्याकडे ओढली आणि तळहात पुठ्ठ्यावर ठेवला. “बठ्ठं लिखेल शे तुमनं. म्हशी लिखेल शेतीस, शेवाय लिखेल शे. तो तेवढा नई.”

२० जून. सकाळी १०.

चेलनाने वही उघडी ठेवली आणि आधी नुसती पाहिली. मग तिने त्या सहीवाल्याची अकरा वर्षं कॉम्प्युटरला मोजायला लावली. तो माणूस उन्हाळ्यात दर दहा दिवसांत तीनदा तरी कालचाच आकडा लिहायचा. दहांत सात आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपायचे. त्या एकोणीस दिवसांत कालचा आकडा एकदाही नाही, शून्य नाही, पाच नाही.

मग तिने लोटनच्या ऑक्टोबरवर पेन्सिल फिरवली. अकरा दिवस. कालचा आकडा नाही. शून्य नाही. पाच नाही.

“सारखंच आहे,” ती हळू म्हणाली. “हे तर हातच सारखे आहेत.” तिने मान वर केली. “आबा, हे अकरा दिवस तुम्ही...”

“धुळ्याला होतो. दवाखान्यात.”

चेलनाची नजर शेऱ्याच्या रकान्यावरून खाली उतरत गेली. निरंक. निरंक. निरंक. तिने पेन्सिल खाली ठेवली. उठून कूलर लोटनच्या बाजूला वळवला.

“लाल करू?” लोटनने विचारलं.

“करा. आणि कारण निवडा.”

कारणांची यादी उघडली. उपकरणात बिघाड. लिहिताना चूक. बनावट नोंद.

लोटनचं बोट बनावटवर गेलं आणि परत आलं. “हे नको. ‘निरीक्षक जागेवर नव्हता’ असं टाका.”

“तसा पर्याय नाही यादीत.”

“नाही तर करा. समुद्र करता येतो तुम्हाला, एक ओळ नाही करता येत?”

चेलनाने ओळ वाढवली. लोटनने ती एकोणीस वेळा निवडली, एकगठ्ठा नाही, एकेक करून. त्या माणसाचं त्या जुलैत काय झालं होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. कुठे शोधायचं तेही त्याला कळत नव्हतं. नवा दोर लावला, एवढंच.

शुक्रवारी चेलनाने गणित कायम केलं. वारा होता तसाच ठेवला. खाडी तापली.

“आज तरी बातमी काय, मासे जगले का मेले?” पुखराजशेठनी जिन्यातून विचारलं.

“अजून नाही मेले, बापूजी. वेळेवर सांगितलं तर सगळे नाही मरणार.”

लोटनने त्याच खोलीत बसून खात्याला पत्र लिहिलं. अकरा दिवसांच्या पातळ्या मी वाचलेल्या नाहीत, त्या ग्राह्य धरू नयेत. खाली सही. चेलनाने ते दोनदा वाचलं.

“प्रमाणपत्र परत मागतील का हो, आबा?”

“मागतील तर नेतील. खिळा माझा आहे.”

२३ जून. सकाळी ८.

नशिराबादच्या ओट्यावर ऊन यायच्या आधी लोटन वही मांडीवर घेऊन बसला. जवळ पट्टी आणि लाल शाईचं पेन. नियम असा की पुसायचं नाही. त्याने पट्टी धरली आणि अकरा पातळ्यांवर एकेक रेघ मारली. खालचे आकडे वाचता येत होते. वर लाल शाईत बरोबर आकडा लिहायचा असतो. तो त्याला माहीत नव्हता, म्हणून ती जागा मोकळी सोडली.

मग तो शेऱ्याच्या रकान्याकडे आला. सुंदरबाई शेजारी येऊन टेकली. मांडीवर सूप होतं, सुपात दादर ज्वारी.

“सांग,” तो म्हणाला.

“काय सांगू?”

“पयला दिन.”

ती दाणे निवडत राहिली. “रडना व्हता. बारीक, पण रडना.”

लोटनने पहिल्या निरंकवर रेघ मारली. वर लिहिलं: *रडला.* सही, तारीख.

“दुसरा.”

“दुसराले काय नई. झोपेलच व्हता.”

*झोप.*

“तिसराले डोया उघडात त्यानी. तुम्ही चहा लेवाले गयथात. मीच दखं.”

हे लोटनला आज कळत होतं. त्याने लिहिलं: *डोळे उघडले. आईने पाहिले.*

चौथ्या दिवशी नर्सने पेटीत हात घालू दिला होता. बाळाने सुंदरबाईचं बोट धरलं होतं. पाचव्याला दूध गेलं, कापसाने, सात थेंब. सुंदरबाईने ते मोजले होते. सहाव्याला सटवाईची पूजा दवाखान्यात कशी करायची म्हणून तिने उशाखाली कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली होती. सातव्याला पाय निळे. आठव्याला पाय निळेच.

“नववा,” लोटन म्हणाला, आणि मान वर केली नाही.

सुपातले दाणे थांबले. समोरून हायवेला जाणारा ट्रक गेला, धूळ बसली.

“नववाले सकायले व्हता,” ती म्हणाली. “सकाय लिखा.”

त्याने लिहिलं: *सकाळी होता.* सही, तारीख.

उरले दोन दिवस, दहावा आणि अकरावा. पट्टी त्याने उचलली, रकान्यावर ठेवली, आणि पुन्हा बाजूला घेतली. तिथे निरंक लिहिलेलं होतं. ते खरं होतं. त्यावर त्याने रेघ मारली नाही.